एकाच छपराखालचे अनेक ऋतू

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचे एक लहान गाव आहे. तेथील शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉरेन जॉन्सन नावाचे निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक होते. मुलूख थंड, हिवाळ्यात तळघरातील भट्टी पेटवून वर्ग उबदार ठेवावे लागत. पण वरचा कोणता वर्ग किती तापला आहे, हे तळघरातील माणसाला कळावे कसे? म्हणून इमारतीचा शिपाई मधून मधून वर्गात येई, तापमान पाही आणि पुन्हा तळघरात जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करी. शिकवण्यात व्यत्यय येई तो वेगळाच. या येरझारा थांबाव्यात म्हणून जॉन्सन यांनी वर्गातून तळघराला विजेने खबर देणारे एक उपकरण तयार केले आणि १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. १८८५ मध्ये त्यांनी मिलवॉकी शहरात स्वतःची कंपनी काढली. पुढे १८९५ च्या सुमारास त्यांनी दाबाच्या हवेवर चालणारी अशी योजना सिद्ध केली की, प्रत्येक खोलीचे तापमान त्या त्या खोलीपुरते आपोआप राखले जावे.

मोठ्या इमारतींतील ज्या व्यवस्थेला आज ‘झोन’ पद्धत म्हणतात, तिचे मूळ या शिपायाच्या येरझारांत आहे. संपूर्ण इमारतीला एकच हवामान न देता तिचे भाग पाडावयाचे आणि ज्या भागाला जेव्हा जेवढी थंडी किंवा ऊब लागेल तेवढीच द्यावयाची, इतकाच या पद्धतीचा अर्थ. मी तिला ‘विभागवार वातानुकूलन’ म्हणेन. कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रांच्या विषयात का पडावे, असे आमचे प्राध्यापक विचारतील. त्याचे उत्तर असे की, यंत्र अभियंत्याचे असले तरी वीज कोणी वापरायची, बिल कोणी भरायचे आणि तापमान किती हे कोणी ठरवायचे, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत. थोडेसे नागरिकशास्त्राचेही आहेत.

विभाग म्हणजे खोली नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. एकाच मोठ्या दालनात दोन विभाग असू शकतात आणि चार खोल्या मिळून एक विभाग होऊ शकतो. ज्या जागेची गरज एकसारखी असते व एकाच वेळी बदलते, तेवढी जागा म्हणजे एक विभाग. माझे वडील एका शीतगृहात हमाली करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, पण ही व्याख्या मला त्यांच्याकडूनच प्रथम कळली. द्राक्षांना शून्य अंशाच्या आसपासची थंडी मानवते. केळी मात्र तेरा अंशांच्या फारशी खाली गेली की साल काळपट पडते आणि ती नीट पिकत नाहीत. म्हणून दोघांच्या खोल्या वेगळ्या, दारे वेगळी, तापमापकही वेगळे. “केळ्याला द्राक्षाच्या खोलीत टाकलं तर मालक आपल्याला बाहेर टाकील,” असे ते हसत सांगतात. फळांच्या बाबतीत जी काळजी घेतली जाते, ती कचेऱ्यांत माणसांच्या बाबतीत क्वचितच घेतली जाते.

आता आपल्या परिचयाची एक इमारत डोळ्यांसमोर आणू. कोणत्याही तालुक्याच्या गावी मुख्य रस्त्यावर अशी तीन मजली इमारत असते. तळमजल्यावर बँक, पहिल्या मजल्यावर दहावी-बारावीचे क्लास, दुसऱ्यावर दातांचा दवाखाना आणि एका विमा कंपनीची कचेरी. बँकेचे दार दिवसभर उघडझाप होत असते आणि प्रत्येक वेळी रस्त्यावरची गरम हवा आत शिरते. बँकेच्याच एका कोपऱ्यात संगणकांची बंद खोली असते; ती रात्री बारा वाजताही तेवढीच तापते. क्लासची खोली सकाळी सातला भरते, दुपारी रिकामी होते आणि संध्याकाळी पुन्हा भरते. दवाखान्याला पश्चिमेची मोठी काच आहे. तीन वाजल्यानंतर तेथे बसवत नाही. एका पत्त्यावर असे चार ऋतू नांदत असतात. या सर्वांना एकच माप लावले तर कोणीतरी गारठणार आणि कोणीतरी घामाघूम होणार, हे ठरलेलेच.

येथे थोडा हिशेब करण्यासारखा आहे. वातानुकूलन यंत्राची शक्ती ‘टना’त मोजतात, हे आपण दुकानाच्या पाट्यांवर वाचतो. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे, बर्फाचा. अमेरिकन टनभर, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता काढून नेणारे यंत्र एक टनाचे. आजच्या मापात हे साधारण साडेतीन किलोवॅट होतात. ज्या काळात यंत्रे नव्हती त्या काळात बर्फ हाच थंडीचा व्यापारी माल होता. १८३३ साली अमेरिकेहून जहाजात भरलेला बर्फ कलकत्त्याच्या बंदरात उतरला होता, ही गोष्ट वाचून मला मोठे नवल वाटले. असो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर पडत असते. क्लासमध्ये साठ मुले बसली की सहा किलोवॅट झाले, म्हणजे सुमारे पावणेदोन टन. सूर्य, दिवे, भिंती यांचा यात अजून संबंधच आलेला नाही. हा भार केवळ विद्यार्थ्यांचा आहे! मुले घरी गेली की तो नाहीसा होतो. यंत्राला ते कळले नाही, तर ते रिकाम्या बाकांना थंड करीत राहते.

दुसरा मुद्दा सूर्याचा. समजुतीसाठी कल्पित आकडे घेऊ. एका कचेरीच्या पूर्वेकडील भागाला सकाळी दहा टन थंडी लागते आणि दुपारनंतर चार. पश्चिमेकडील भागाला सकाळी चार आणि दुपारनंतर दहा. प्रत्येक भागाला त्याच्या सर्वांत मोठ्या गरजेएवढे स्वतंत्र यंत्र दिले तर वीस टनांची यंत्रे लागतील. पण इमारतीची एकूण गरज कोणत्याही क्षणी चौदा टनांच्या वर जातच नाही. दोन्ही भागांना पुरवणारे एकच मध्यवर्ती यंत्र ठेवले आणि सकाळी थंडी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला वळवता आली, तर चौदा टनांत काम भागते. विभाग पाडल्याने रोजचे बिल तर घटतेच, पण मुळातले यंत्रही लहान घेता येते. ही गोष्ट खरेदीच्या वेळी लक्षात घेतली पाहिजे; नंतर उपयोग नाही.

हे वळवणे प्रत्यक्षात कसे साधते, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९०२ साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद आक्रसत-प्रसरत आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. त्यावर विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील दमटपणा ताब्यात ठेवणारी योजना आखली. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ येथून मानतात. म्हणजे ही सोय प्रथम झाली ती माणसांसाठी नव्हे, कागदासाठी! पुढे मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या राहिल्या तेव्हा अभियंत्यांनी एक सोपा पण उधळ्या मार्ग पत्करला. मध्यवर्ती यंत्राने सगळी हवा सर्वांत उकाड्याच्या खोलीला पुरेल इतकी गार करावयाची, नेहमी सारख्याच प्रमाणात सगळीकडे सोडावयाची आणि ज्या खोलीला एवढी गार हवा नको असेल तिच्या तोंडाशी तीच हवा पुन्हा तापवावयाची. एका हाताने बर्फ आणि दुसऱ्या हाताने निखारा! तापमान अचूक राही हे खरे, पण इंधन दोनदा जळे. तेल स्वस्त होते तोवर याची खंत कोणाला वाटली नाही. १९७३ चे तेलसंकट आले आणि हिशेब बदलला. १९७५ साली अमेरिकेतील अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या संस्थेने इमारतींच्या ऊर्जावापरासाठी पहिले मानक प्रसिद्ध केले. हवा तापवत बसण्याऐवजी तिचे प्रमाणच कमीजास्त करण्याची पद्धत या काळात झपाट्याने पसरली. हवेच्या नळाला प्रत्येक विभागापाशी एक झडप असते. विभागातील थर्मोस्टॅट ती झडप उघडतो किंवा मिटतो. बऱ्याच झडपा मिटल्या की मुख्य पंखा आपली गती उतरवतो.

खरी बचत या पंख्यात आहे. पंख्याची गती आणि त्याला लागणारी शक्ती यांचे नाते सरळ नाही, घनाचे आहे. गती निम्मी केली तर शक्ती निम्मी न लागता तत्त्वतः एक-अष्टमांश लागते. गती शंभरावरून ऐंशीवर आणली तर शक्ती एक्कावन्न टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात घर्षण वगैरेंमुळे थोडे कमी पदरात पडते, तरीही हा व्यवहार कोणत्याही सावकारी व्याजापेक्षा किफायतशीर आहे! आणि इमारत पूर्ण भारावर चालते असे वर्षातून थोडेच तास असतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९८२ साली जपानमधील दायकिन कंपनीने निराळा मार्ग काढला. हवेचे मोठे नळ न नेता बाहेरच्या एकाच यंत्रातून थंडावा वाहून नेणारा द्रव बारीक तांब्याच्या नळ्यांनी अनेक खोल्यांत न्यावयाचा आणि प्रत्येक खोलीत तो किती सोडावयाचा हे तेथील गरजेवर ठेवावयाचे. या पद्धतीच्या पुढील प्रकारात तर उन्हाच्या बाजूच्या खोलीतून काढलेली उष्णता त्याच वेळी सावलीतल्या थंड खोलीला देता येते. थंड देशांत याचा मोठा उपयोग आहे. आपल्याकडे गरम करण्याची वेळ फारशी येत नाही. पण हॉटेलांत खोल्यांतून काढलेल्या उष्णतेवर आंघोळीचे पाणी तापवता येते, तेही याच तत्त्वाचे भावंड.

हवेऐवजी पाण्याने इमारत थंड करण्याचा प्रयोग आपल्या देशात हैदराबादजवळ पोचारम येथे झाला आहे. तेथे इन्फोसिस कंपनीने २०११ च्या सुमारास एक कार्यालय असे बांधले की, त्याचे दोन भाग एकमेकांची प्रतिकृती आहेत. एका भागात वर सांगितलेली, कमीजास्त होणाऱ्या हवेची उत्तम व्यवस्था. दुसऱ्यात छताच्या काँक्रीटमध्येच नळ्या पुरून त्यांतून थंड पाणी फिरवलेले. तुलना प्रामाणिक व्हावी म्हणून बाकी सर्व सारखे. पाण्याच्या भागाला सुमारे एकतृतीयांश वीज कमी लागली आणि उभारणीचा खर्चही जास्त आला नाही. कारण साधे आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते, म्हणून लहान पंप पुरतो. मात्र छत फार थंड झाले तर सकाळच्या तांब्यासारखे त्यावर दव धरते. यासाठी बाहेरून घ्यावयाच्या ताज्या हवेतला दमटपणा वेगळ्या यंत्राने आधी काढावा लागतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे दुसरे काम पहिल्याहून अवघड होऊन बसते.

विभाग पाडले म्हणजे बचत झालीच, असा समज मात्र करून घेऊ नये. जुने, एकाच गतीने चालणारे यंत्र ठेवून नुसती हवेची तोंडे बंद केली, तर यंत्राला हवा पुरत नाही. आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो, यंत्र वारंवार सुरू-बंद होते आणि लवकर खराब होते. उघड्या दालनात शेजारी शेजारी दोन थर्मोस्टॅट लावून एकावर बावीस आणि दुसऱ्यावर सव्वीस ठेवले, तर पहिले यंत्र दुसऱ्याचेही ओझे वाहते.

पण माझ्या मते सर्वांत मोठा दोष यंत्राचा नाही. माझी मावसबहीण पुण्यात एका कचेरीत नोकरीला आहे. मे महिन्यात घरातून निघताना ती पिशवीत स्वेटर घालते. “अगं, बाहेर चाळीस अंश आणि मी तिथं कुडकुडत बसते,” असे ती म्हणते. तिची जागा हवेच्या जाळीखाली आहे. चार रांगा पलीकडे खिडकीपाशी बसणारे त्याच वेळी रुमालाने मान पुसत असतात. थर्मोस्टॅट आहे तो साहेबांच्या केबिनमध्ये, दार लावलेल्या. संध्याकाळी सहानंतर चार जणांना थांबावे लागले तर संपूर्ण मजल्याचे यंत्र चालू राहते, कारण निम्मा मजला बंद करण्याची सोयच नाही. दीडशे माणसांची जागा, पण तिला जाणीव आहे ती एकाच माणसाच्या कातडीची. जॉन्सन यांच्या शिपायाने निदान प्रत्येक वर्गात जाऊन पाहिले तरी होते.

‘सुखकर तापमान’ ही गोष्ट कोणाच्या शरीरावरून ठरली, हे पाहिले तर या प्रश्नाचे स्वरूप आणखी स्पष्ट होते. डेन्मार्कचे फँगर यांनी १९७० साली या विषयावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो पुढे जगभरच्या मानकांचा पाया झाला. त्यांचे प्रयोग बंदिस्त खोलीत बसवलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाले होते. पण ते विद्यार्थी अमेरिकेचे आणि डेन्मार्कचे. नेदरलँड्समधील किंगमा आणि व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, या गणितात धरलेला शरीराच्या उष्णतेचा आकडा सरासरी पुरुषाचा आहे आणि स्त्रियांच्या बाबतीत तो पस्तीस टक्क्यांपर्यंत जास्त ठरू शकतो. माझ्या बहिणीच्या स्वेटरचे एक कारण या आकड्यातही असावे. आपल्या देशातही पाहणी झाली आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी वेगवेगळ्या हवामानांच्या पाच शहरांतील कचेऱ्यांत लोकांना प्रत्यक्ष विचारून २०१४ मध्ये भारतीयांसाठी स्वतंत्र आराखडा मांडला. बाहेरचा ऋतू जसा असेल तसे माणसाचे सुखही सरकते, हे त्याचे मर्म. नैसर्गिक वारा खेळणाऱ्या इमारतींत उन्हाळ्यात अठ्ठावीस अंशांच्या आसपासही लोक समाधानी होते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने या विचाराला स्थान दिले. १ जानेवारी २०२० पासून खोलीत बसवायच्या नव्या तारांकित यंत्रांचा मूळ आकडा चोवीस अंशांवर ठेवण्याचे बंधन आले. आकडा एक अंशाने वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. बटण दाबून तो कोणीही अठरावर नेऊ शकतो, ही गोष्ट वेगळी.

२००३ साली अमेरिकन वृत्तपत्रात असेही छापून आले होते की, काही कचेऱ्यांत कर्मचाऱ्यांच्या समाधानासाठी भिंतीवर थर्मोस्टॅटची नुसती डबी बसवलेली असते. तिला तारच जोडलेली नसते! माणूस आकडा फिरवतो आणि बरे वाटले म्हणतो. हे वाचून हसू येते, पण अधिकार हवा असणे ही गरज किती खरी आहे, हेही त्यावरून दिसते.

आता अर्थशास्त्राचा मुद्दा. एवढे फायदे असून आपल्याकडे सर्वत्र विभाग का पाडले जात नाहीत? झडपा, थर्मोस्टॅट, वेगळे मीटर यांचा खर्च बांधणाऱ्याला येतो आणि वाचलेली वीज भाडेकरूच्या पदरात पडते. ज्याने पेरायचे तो कापणार नसेल तर तो पेरील कशाला? त्यातून पुष्कळ व्यापारी संकुलांत मध्यवर्ती वातानुकूलनाचा खर्च चौरस फुटांप्रमाणे वाटतात. मग तुम्ही संध्याकाळी पाच वाजता बंद केले काय आणि रात्री दहापर्यंत चालू ठेवले काय, तुमचा वाटा तेवढाच. गावाच्या गायरानाचे जे होते तेच या थंड हवेचे होते. ज्याची जनावरे जास्त त्याचा फायदा, आणि उजाड रान सर्वांचे. प्रत्येक विभागाने किती थंडी घेतली हे मोजणारे मीटर मिळतात. ते बसवून त्याप्रमाणे बिल दिले की भाडेकरू स्वतःच झडप मिटायला शिकतो. केंद्र सरकारने २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर केली, २०१७ मध्ये ती सुधारली. पण ती शंभर किलोवॅट आणि त्यावरील जोडभाराच्या मोठ्या व्यापारी इमारतींना उद्देशून आहे. तालुक्याची आपली तीन मजली इमारत तिच्या जाळ्यातून सहज निसटते. आणि अशा इमारती तर गावोगाव रोज उभ्या राहत आहेत.

अशा इमारतींच्या मागच्या बोळात जाऊन पाहावे. भिंतीला यंत्रांच्या पेट्या टांगलेल्या असतात आणि त्यांचे पंखे गरम हवा फेकत असतात. आतून तीन किलोवॅट उष्णता काढायला एक किलोवॅट वीज लागली, तर बाहेर चार किलोवॅट टाकले जातात. त्या बोळात चहाची टपरी असते, दाराशी सुरक्षारक्षक बसलेला असतो, कोणी कपड्यांना इस्त्री करीत असते. इमारतीच्या नकाशात ही जागा कोणत्याच विभागात धरलेली नसते. आत रिकाम्या बाकांसाठी चाललेला प्रत्येक टन येथे बसणाऱ्यांच्या अंगावर येतो. हिशेब करणाऱ्यांनी हा रकाना घातलेला मी अजून पाहिला नाही.

आपल्या महाविद्यालयासारख्या संस्थांना मध्यवर्ती यंत्रे परवडणारी नाहीत आणि त्यांची गरजही नाही. पण विभागाचे तत्त्व छताच्या पंख्यालाही लागू पडते; किंबहुना पंखा हा सर्वांत स्वस्त विभाग होय. अंगावर वारा असला की दोन-तीन अंश जास्त तापमान सहज सोसते, म्हणून जेथे यंत्र आहे तेथेही ते सत्तावीसवर ठेवून पंखा लावणे शहाणपणाचे. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, नव्या धर्तीच्या मोटारीचा सुमारे तीस. आमच्या वाचनकक्षात आठ पंखे आहेत आणि त्यांना बटणे दोन. भर दुपारी खिडकीजवळ एकटा विद्यार्थी वाचत बसला तरी चार पंखे फिरतात. तारा नव्याने ओढण्याचे काम निघणारच असेल, तर प्रत्येक पंख्याला त्याचे स्वतःचे बटण द्यावे आणि ते खाली, टेबलाजवळ, वाचणाऱ्याच्या हाताशी असावे.